व्याख्या सगळ्या पाठ आहेत, पण ओळ समोर आली की नाव सुचत नाही

पत्र थोडक्यात असं आहे. ऐरोलीला राहणारी एक वाचक, वय बेचाळीस, माहेर डोंबिवलीचं, महापेला एका कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी. कवितेची आवड शाळेपासूनची, म्हणून गेल्या वर्षी बाहेरून मराठी एम.ए.ला नाव घातलं. पहिलं वर्ष निघालं, पण साहित्यशास्त्राच्या पेपरचा धसका घेतलाय. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, प्रतिमा, प्रतीक, ध्वनी, सगळ्याच्या व्याख्या तोंडपाठ, तरी समोर ओळ ठेवली की नाव सांगता येत नाही. एका ऑनलाइन लेक्चरला उत्तर चुकलं तर सर सगळ्यांदेखत म्हणाले, "हे दहावीच्या मुलांना येतं." लेक नववीत, इंग्लिश मीडियमला. तिला आईने सांगितलं, जणू आलं की ती उपमा नसते, तिने त्या हिशोबाने इंग्रजीच्या पेपरात मेटाफर लिहिलं आणि मार्क गेला.

त्या लिहितात, "पुस्तक उघडलं की अक्षरं मुंग्यांसारखी पांगतात. रात्री साडेदहाला ओटा आवरून नोट्स घेऊन बसते तेव्हा वाटतं त्या व्याख्या जणू माझ्याकडे बघून हसतायत. हा विषय म्हणजे माझ्यासाठी रेल्वेचा तो पारसिकचा बोगदा झालाय, आत शिरले आणि खिडकीबाहेर काहीच दिसत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता साधी कविता वाचतानासुद्धा मी अलंकार शोधत बसते, कविता वाचायची राहूनच जाते." ठाण्यात एक क्लास आहे, अठरा हजार फी, तयार नोट्स देतात. तो लावू का? की दुसऱ्या वर्षाचा फॉर्मच भरू नको? नवरा म्हणतो, कविता घरी बसून वाच की, डिग्री कशाला हवी.

मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण वाचता वाचता लक्षात आलं की ज्या तीन गोष्टी ओळखता येत नाहीत म्हणून तुम्ही रडकुंडीला आलात त्या तिन्ही तुम्ही स्वतः एकाच परिच्छेदात ओळीने वापरल्यात. अक्षरं मुंग्यांसारखी पांगतात, ही उपमा. व्याख्या जणू हसतायत, ही उत्प्रेक्षा. विषय म्हणजे पारसिकचा बोगदा, हे रूपक. आणि तिन्ही जिथल्या तिथे बसलेत, एकही उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

ठेवून बघा ना. "अक्षरं म्हणजे मुंग्या" असं लिहिलं असतंत तर अंगावर काटा आला असता, वही झटकावीशी वाटली असती. तुम्हाला मुंग्यांचं तेवढं एक पांगणं हवं होतं, बाकी मुंगी नको होती, आणि उपमा नेमकं हेच करते, दोन वस्तू शेजारी बसवते, त्यांच्यातलं एकच साम्य उचलते आणि 'सारखी' हा शब्द मधे ठेवून दोघींना आपापल्या जागी राहू देते. पुस्तकात याला उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द म्हणतात, तुमच्या वाक्यात अक्षरं, मुंग्या, पांगणं आणि 'सारखी'. चारही घटक हजर आहेत.

आता दुसरं वाक्य. त्यातला 'जणू' काढून टाका. "व्याख्या माझ्याकडे बघून हसतात." अर्थ फारसा बदलत नाही पण आवाज बदलतो, नाही का? 'जणू' असताना तुम्हाला पक्कं माहितीये की कागद हसत नसतो, तरी रात्री साडेदहाला दमलेल्या मनात तो संशय येतोच. ही जी अर्धवट खात्री आहे, माहीत असूनही तसं वाटणं, ती म्हणजे उत्प्रेक्षा. जणू गेला की संशय संपतो आणि व्याख्या खरंच जिवंत होतात, तिला मग चेतनगुणोक्ती म्हणायचं. एका शब्दाने केवढा फरक पडला!

आणि बोगदा. "हा विषय पारसिकच्या बोगद्यासारखा आहे" असं म्हटलं असतंत तर तुम्ही बोगद्याच्या बाहेर, कळव्याच्या बाजूला उभ्या राहून बोलताय असं वाटलं असतं. पण तुम्ही 'म्हणजे' लिहिलंत, मधला आडपडदा काढून टाकलात, आणि मी वाचताना थेट तुमच्या डब्यात आले. रूपकात दोन गोष्टी वेगळ्या उरतच नाहीत, ह्याला पुस्तकात अभेद म्हणतात, आणि हा शब्द तुम्ही पाठही केला असणार.

अजून एक गोष्ट सांगते, ती मला फार महत्त्वाची वाटते. अंधारासाठी तुम्हाला विहीर म्हणता आलं असतं, खड्डा म्हणता आलं असतं, पण तुम्ही बोगदा म्हणालात. डोंबिवलीच्या माणसाला फास्ट लोकलमधून तो बोगदा किती वेळा लागला असेल, लांबी साधारण १.३ किलोमीटर, लहानपणी आपण श्वास रोखून तो संपायची वाट बघायचो. त्याला दुसरं तोंड आहे हे तुम्हाला शब्द निवडताना माहीत होतं, विहिरीला ते नसतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या रूपकातच आहे असं मला वाटतं, आणि मी ते वाचू शकले ते व्याख्या पाठ असल्यामुळे नाही, हाच शब्द का आणि दुसरा का नाही, एवढं विचारलं म्हणून. सगळ्या साहित्यशास्त्राची सुरुवात मला तरी ह्या प्रश्नातून होताना दिसते.

तुम्ही एक गोष्ट गृहीत धरून चाललायत, ती आधी बाजूला करू. तुम्हाला वाटतं की नाव आधी यायला पाहिजे. ओळ दिसली, झटकन लेबल आठवलं, म्हणजे विषय आला. मी एकवीस वर्षं ठाण्यात ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवलं आणि त्यातली पहिली कित्येक वर्षं मीही असंच शिकवलं, मुलांच्या निबंधात छान ओळ दिसली की बाजूला लाल पेनने 'रूपक' लिहायचं आणि पुढे जायचं. एक मुलगी पेपर घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही नाव लिहिलंत, पण ती ओळ तुम्हाला आवडली का?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मी ती ओळ वाचलीच नव्हती, फक्त ओळखली होती. तुम्ही आज कविता वाचताना जे होतंय म्हणून लिहिलंय ते अगदी हेच आहे. तेव्हा ह्याच्यात तुमची बुद्धी कमी पडतेय असं अजिबात समजू नका, क्रम उलटा झालाय इतकंच. आधी ओळीत अडखळायचं, मग काय झालं ते आपल्या शब्दात सांगायचं, नाव सगळ्यात शेवटी.

आता त्या सरांचं वाक्य. दहावीच्या मुलांना जे येतं ते बहुतेक वेळा शब्द ओळखणं असतं. सारखा आला की उपमा, जणू आला की उत्प्रेक्षा. मार्कांपुरतं ते चालतंही. पण "सकाळपासून सारखा पाऊस पडतोय" ह्यात सारखा आहे, उपमा कुठेय? "तुमची लेक तुमच्यासारखी दिसते" ह्यात तर खरीखुरी तुलना आहे, तरी ती उपमा नाही, कारण लेक आईसारखी दिसण्यात काही चमत्कृती नाही, ती साधी माहिती झाली. उपमेला मुळात वेगळ्या जातीच्या दोन गोष्टी लागतात आणि त्यांच्यात अचानक सापडलेलं साम्य लागतं. एम.ए.ला तुमच्याकडून ही पुढची पायरी अपेक्षित आहे, म्हणून तुम्ही अडखळताय, आणि इथे अडखळायलाच हवं. भर लेक्चरमध्ये कुणाला असं बोलू नये हे तर आहेच. तुम्ही त्यानंतर लेक्चरला कॅमेरा बंद ठेवून बसता असं लिहिलंयत, ते वाचून मला फार वाईट वाटलं.

हे अलंकार सुटे सुटे पाठ करण्याऐवजी एका रांगेत लावून बघा, कारण त्यातले बरेचसे एकाच घरातले आहेत. तुमच्या ऑफिसखाली टपरी असेलच. चार वाजता खाली उतरलात, पहिला घोट घेतलात आणि म्हणालात, चहा अमृतासारखा झालाय. उपमा. मैत्रीण म्हणाली, जणू अमृतच गं. उत्प्रेक्षा. तिसरी म्हणाली, चहा म्हणजे अमृत. रूपक. चौथीला तेवढ्याने भागलं नाही, ती म्हणाली, हा चहा नाहीच, हे अमृत आहे. तिने चहाला चहा म्हणायलाच नकार दिला, ही अपन्हुती. पाचवी म्हणाली, अमृत काय घेऊन बसलात, हा त्याहून गोड. उपमेय उपमानाच्या वर चढलं, व्यतिरेक. आणि टपरीवाला शांतपणे म्हणाला, माझ्या चहासारखा माझाच चहा. तुलनेला दुसरं काही उरलंच नाही, अनन्वय. बघा, इथेही 'सारखा' आहे बरं का, पण उपमा नाही. एक चहाचा ग्लास आणि सहा अलंकार, आणि प्रत्येक पायरीवर चहा आणि अमृत ह्यांच्यातलं अंतर बदलतंय. तुम्हाला व्याख्येतलं वाक्य आठवलं नाही तरी हे अंतर किती आहे ते विचारता येईल.

ह्यानंतर ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ती ओवी वाचा, माझा मराठाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंही पैजां जिंके. आपण ती भाषेच्या अभिमानाची म्हणून भाषणांतून ऐकत आलोय. आता पायऱ्या माहीत झाल्यावर बघा, ज्ञानेश्वर मराठीला अमृतासारखी म्हणत नाहीत, अमृत म्हणजे मराठी असंही म्हणत नाहीत, ते अमृताशी पैज लावतात आणि जिंकून दाखवतात. आणि सुरुवातीला 'कौतुकें' म्हणतात, म्हणजे खेळता खेळता, सहज. व्यतिरेक हे नाव इथे कामाला आलं, त्याने आपल्याला त्या पैजेपाशी थांबवलं. नाव असं कामाला येत असेल तर जरूर वापरा, आणि ते नुसतं समासात लिहून पुढे जायचं असेल तर ते न आठवलेलंच बरं.

लेकीच्या मार्काचं मनाला लावून घेऊ नका, पण ती चूक समजून घ्या, कारण ती हुशार माणसाची चूक आहे आणि खूप आया ती करतात. तुम्ही जे सांगितलंत ते आपल्या शास्त्राप्रमाणे बरोबर होतं. जणू आलं की उपमा नाही, उत्प्रेक्षा. पण इंग्रजीत उत्प्रेक्षेसाठी वेगळा कप्पाच नाही. तिथे लाइक, ॲज, ॲज इफ असं काही दिसलं की शाळेत ते सिमिलीत जातं, आणि हे शब्द नसताना एक गोष्ट दुसरीच म्हणून सांगितली की मेटाफर. म्हणजे आपली उपमा आणि उत्प्रेक्षा दोघी मिळून त्यांच्या एका घरात राहतात. उलट त्यांचं मेटाफर आपल्या रूपकापेक्षा बरंच मोठं आहे, आपल्याकडच्या काही अतिशयोक्ती, काही अन्योक्ती म्हणजे एकाबद्दल बोलून दुसऱ्याला लागू करणं, आणि लक्षणेची (तिच्याबद्दल पुढे सांगते) बरीचशी उदाहरणं त्यात जाऊन बसतात. ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी एका जागेवरून दुसरीकडे वाहून नेणं असा आहे, त्यामुळे त्यात काय काय वाहून नेता येतं ह्याला मर्यादा नाही. दोन वेगवेगळ्या परंपरांनी भाषेकडे बघून आपापल्या खुणा केल्या, त्या एकावर एक तंतोतंत बसणार नाहीत. लेकीला एवढंच सांगा की इंग्रजीच्या पेपरात इंग्रजीचे कप्पे, मराठीच्या पेपरात मराठीचे, आणि घरी आपण दोघी मिळून फरक काढू. तिला ह्यात मजा येईल, नववीतल्या मुलांना असल्या भानगडी आवडतात.

त्यात आपल्याकडचे शब्दही एकाच अर्थावर थांबत नाहीत. रूपक म्हणजे अलंकार, शिवाय संस्कृतात रूपक म्हणजे नाटक, आणि आपण मराठीत अख्ख्या रचनेलाही रूपक म्हणतो. एकनाथांचं विंचू चावला हे भारूड घ्या, त्यात विंचू म्हणजे कामक्रोध, आणि मग विष चढणं, उतारा शोधणं, सगळं त्याच धाग्याने चालतं. तिथे रूपक शब्द एका ओळीपुरता राहत नाही, सगळी रचना त्याच्यावर उभी असते. तसंच यमक. सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो, ह्या मोरोपंतांच्या ओळीला आपण शाळेत यमक म्हणतो, शेवटी जुळणारा उच्चार, पण संस्कृतात यमक म्हणजे तोच अक्षरसमूह पुन्हा वेगळ्या अर्थाने येणं, नुसती अखेर जुळणं म्हणजे त्यांच्या लेखी अंत्यानुप्रास. तेव्हा दोन पुस्तकांत दोन व्याख्या दिसल्या की आपलंच काहीतरी चुकतंय असं समजू नका, पुस्तक कुठल्या परंपरेतून बोलतंय ते बघा.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार किती आहेत माहितीये? ४. उपमा, रूपक, दीपक आणि यमक. सोळाव्या शतकात अप्पय दीक्षितांच्या कुवलयानंदात ते शंभराच्या वर गेलेत. मधल्या शतकांत कवितेने काही नवं केलं की कुणीतरी थांबून म्हणायचं, इथे काहीतरी वेगळं झालंय, ह्याला नाव देऊया. रसांचंही तेच, भरताने ८ सांगितले, शांत हा नववा मागाहून आला. हे सगळं वाद घालत घालत वाढलेलं शास्त्र आहे. तुम्हाला एखाद्या ओळीत दोन नावं सुचली आणि ठरवता आलं नाही तर त्या वादात तुमचीही जागा आहे. परीक्षेत सुद्धा, "ही ओळ मी रूपक म्हणून वाचते, कारण..." असं लिहिलंत आणि कारण पटण्यासारखं असलं तर चांगला परीक्षक मार्क देतो, मी तरी नेहमी दिले.

प्रतिमा आणि प्रतीक, ह्यावर तुम्ही तीन प्रश्नचिन्हं टाकलीयत. हे दोन शब्द आधुनिक समीक्षेतून आले, म्हणून अलंकारांच्या रांगेत त्यांना बसवायला गेलं की गोंधळ होतो. एक कथा आहे असं समजा. नौपाड्यातलं जुनं घर, जूनचा महिना. बाबा संध्याकाळी स्टेशनवरून येतात, काळी लांब दांड्याची छत्री दाराआडच्या खिळ्याला अडकवतात, तिच्या टोकातून थेंब थेंब गळतात आणि खालच्या शहाबादी फरशीवर छोटं तळं होतं, ओल्या कापडाचा तो कुबट वास आतल्या खोलीपर्यंत येतो. इथपर्यंत ही प्रतिमा. ती दिसते, ऐकू येते, तिला वास आहे, इंद्रियांना ती भेटते, आणि तिने ह्याहून जास्त काही सांगितलं नाही तरी चालतं. कथा पुढे जाते. बाबा जातात. घर आवरलं जातं, कपडे वाटले जातात, कपाट विकलं जातं, पण ती छत्री खिळ्यावरून कुणी काढत नाही, आई रोज दारामागचा केर काढताना ती हलकेच बाजूला करते आणि परत सोडते. पुढच्या जूनमध्ये फरशी कोरडी असते. आता लेखकाने एक शब्दही वर न लिहिता ती छत्री प्रतीक झाली. ती अजूनही छत्रीच आहे, रूपकासारखं 'छत्री म्हणजे बाबा' असं कुणी म्हटलेलं नाही, पण कथाभर तिने जे साठवलं ते सगळं घेऊन ती तिथे लटकतेय. रूपक बहुतेक एका वाक्यात आपलं काम करून जातं, प्रतीकाला वेळ लागतो, त्याला कथा लागते. ह्यावरून तुम्ही तुमच्या अभ्यासक्रमातली कुठलीही कथा घ्या आणि त्यात कुठली वस्तू पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी थोडी जड होऊन येते, ते बघा.

ध्वनी तर तुम्ही रोज सकाळी ऐकता. सव्वासहाला स्वयंपाकघरातून तुम्ही ओरडता, "पाणी आलं!" शब्दांचा अर्थ एवढाच की नळाला पाणी आलं, ही अभिधा. पण नवऱ्याला ऐकू येतं, उठा, पिंप भरा. लेकीला ऐकू येतं, अंघोळीला जा, नाहीतर बस चुकेल. सासूबाईंना कळतं की आता धुण्याचं बघायला हवं. हे कुणीच बोललेलं नाही आणि सगळ्यांना बरोबर पोचलं, ही व्यंजना, आणि असा सूचित अर्थ जिथे मुख्य होऊन बसतो त्याला ध्वनी म्हणतात. मम्मटाच्या काव्यप्रकाशात ह्याच जातीचं उदाहरण आहे, सूर्य मावळला, एवढंच वाक्य, आणि ते ऐकून कुणी काम थांबवतं, कुणी गुरं घराकडे वळवतं, कुणी संध्येला बसतं, कुणी प्रियकराला भेटायला निघतं. नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ध्वनी हा काव्याचा आत्मा आहे म्हटलं ते एवढ्या साध्या अनुभवावर उभं आहे. ह्या दोन्हींच्या मधली लक्षणा, म्हणजे "सगळी सोसायटी गच्चीवर जमली होती." सोसायटी काही जिने चढत नाही, शब्दाचा मूळ अर्थ इथे बसत नाही म्हणून आपण जवळचा अर्थ घेतो, माणसं. वाच्यार्थ अडला की लक्षणा, वाच्यार्थ न अडताही त्याच्या मागून आणखी काही ऐकू आलं की व्यंजना, इतकं धरून चाललात तरी पेपरापुरतं बरंच निभावेल.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. अठरा हजारांचा क्लास मी आत्ता लावू नका म्हणेन. तयार नोट्स वाईट असतात असं नाही, घाईत पेपर काढायचा असता तर मीच म्हटलं असतं, घ्या. पण तुमची तक्रार काय आहे, व्याख्या पाठ आहेत आणि ओळ कळत नाही. तिथे आणखी व्याख्या विकत घेऊन काय होणार? क्लासमध्ये पुस्तकातल्याच ठरलेल्या ओळी ठरलेल्या नावांसकट मिळतील, अनोळखी ओळ आली की पुन्हा तीच गत. हां, आठवड्यातून एकदा चार जणींबरोबर बसून कविता वाचायला मिळणार असेल, बोलायला मिळणार असेल तर गोष्ट वेगळी. एक दिवस बसू द्या अशी विनंती करून बघा, आणि तिथे मुलं बोलतात की फक्त लिहून घेतात तेवढं बघून या.

नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. डिग्री नसताना कविता वाचता येते, खरंच येते, आणि नोकरी, घर, लेकीची पुढच्या वर्षीची दहावी हे सगळं धरून तुम्ही थांबायचं ठरवलंत तर त्यात हार वगैरे काही नाही. पण ते दमल्यामुळे ठरवा, सरांच्या एका वाक्यामुळे ठरवू नका. आणि मला एक प्रामाणिकपणे सांगा, तुम्ही पहिल्या वर्षाला जे वाचलंत ते घरी बसून आपणहून वाचलं असतं का? मला पत्रावरून वाटतं की नसतं. परीक्षेच्या धाकाने माणूस अशा पुस्तकांपर्यंत पोचतो जिथे आवडीने कधी पोचला नसता, हा अनुभव माझाही आहे. फॉर्म भरा असंच माझं मत आहे.

आणि जमेल तेवढंच करा. एक साधी वही घ्या, अकाउंट्सवाल्या आहात तर आखलेली घ्या, तीन रकाने पाडा. डावीकडे ओळ. मधे, इथे काय झालं, आपल्या घरगुती भाषेत, "मन मोकाट सुटलंय आणि हाकललं तरी ऐकत नाही" अशा. उजवा रकाना नावाचा, तो रात्री भरायचा नाही, रविवारी भरायचा. रोज एकच ओळ. ती ऑफिसला जाताना एनएमएमटीच्या बसमध्ये मनात घोळवा, आणि तिच्यातला एक शब्द काढून किंवा बदलून बघा, तुमच्या बोगद्याचं केलं तसं. काय मोडलं ते लिहा. सुरुवातीला नवीन कविता घेऊच नका, ज्या तुम्हाला आधीपासून पाठ आहेत, ज्यांनी तुम्हाला इथवर आणलं त्या घ्या, म्हणजे वाचायची राहून गेलेली कविता परत हाताला लागेल.

बहिणाबाईंची ओळ घेऊन एकदा करून दाखवते, कारण परीक्षेत रसग्रहण लिहिताना हाच नमुना उपयोगी पडेल. मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर. बहुतेक उत्तरपत्रिकांत ह्यावर एक वाक्य असतं, इथे रूपक अलंकार साधला आहे, आणि उत्तर पुढच्या मुद्द्याकडे जातं. तुम्ही असं बघा. त्या ढोरासारखं म्हणत नाहीत, मनाला ढोरच म्हणतात, अंतर ठेवलेलं नाही. ढोर कुठलं, तर उभ्या पिकातलं. गोठ्यातलं नाही, माळावरचं नाही. पीक उभं आहे म्हणजे वर्षाची मेहनत डोळ्यासमोर आहे आणि नुकसान आत्ता, ह्या क्षणी चाललंय. हाकलणारीचा जीव कसा खालीवर होत असेल ते शेतात राबलेल्या बाईलाच असं नेमकं सुचू शकतं. आणि गंमत म्हणजे त्याच कवितेत पुढे मनाच्या वाटांना पाण्यावरच्या लाटा म्हणताना मात्र त्या 'जशा' वापरतात, तिथे उपमा येते. ढोर अंगावर आलंय म्हणून रूपक, लाटा लांबून बघतोय म्हणून उपमा, असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटलं तर वेगळं लिहा. कशाला काय म्हटलं, दुसरं काही का नाही म्हटलं आणि त्याने मला काय जाणवलं, ह्या तीन गोष्टी आल्या की मग नाव लिहा, एका ओळीत.

व्याख्या बघायची वेळ आली तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, त्यातल्या नोंदी गाइडपेक्षा कितीतरी नीट लिहिलेल्या आहेत. आणि ट्रान्सहार्बरने ठाण्याला येणं होत असेल तर मराठी ग्रंथ संग्रहालयात जा, वि. ल. भाव्यांच्या पुढाकाराने १८९३ साली सुरू झालेली संस्था आहे, तिथे बसून साहित्यशास्त्राची दोन पुस्तकं समोरासमोर ठेवून एकच संज्ञा दोन्हीकडे वाचा, यमकापासून सुरुवात करा. लेकीला एखाद्या रविवारी बरोबर घ्या, तिच्या इंग्रजीच्या पुस्तकातली ती मार्क गेलेली ओळही घ्या, आणि दोघी मिळून तिचं मराठी करून बघा, जणू ठेवायचा की काढायचा ते तिला ठरवू दे.

पुढच्या लेक्चरला कॅमेरा चालू ठेवाल का? उत्तर द्यायची घाई नको, नुसतं विचारा, "सर, इथे उत्प्रेक्षा न म्हणता रूपक का म्हणायचं?" अजून दहा जण हाच प्रश्न गिळून बसलेले असतील.

फॉर्मची शेवटची तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, ती आज बघून ठेवा, लेट फी लागू देऊ नका. आणि महिन्याभराने वहीतली एखादी ओळ पाठवा, मधल्या रकान्यासकट. उजवा रिकामा असला तरी चालेल.